न ऐकणारा दगड

धनिष्ठा वसाहतीच्या द्रव्यप्रयोगशाळेत त्या दिवशी सकाळी एका चमच्याने मान टाकली. पाच वर्षांच्या पर्णिकाने तो वाटीतल्या शिऱ्यात खुपसला, तर चमचा शिऱ्यापेक्षा मऊ पडून वाटीच्या काठावरून लोंबायला लागला. तिची आई, म्हणजे डॉ. विभावरी टिळेकर, शेजारीच काम करत होती. तिने चमचा उचलला. तिच्या बोटांत येताच तो ताठ झाला, गार झाला, आणि त्याच्या दांड्यावर वेंगुर्ल्याच्या घरातल्या चमच्यांवर असायची तशी वेलबुट्टीसुद्धा उमटली. तिने तो लेकीच्या हातात परत दिला. परत तेच.

"आई, हा असाच असतो," पर्णी म्हणाली आणि बोटांनी शिरा खाऊ लागली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. विभावरीने मात्र हातातलं काम बाजूला ठेवलं.

धनिष्ठा ही पृथ्वीपासून दूर, स्वतःभोवती गरगर फिरणारी वसाहत. त्या फिरण्यामुळे आत जी ओढ तयार होते ती पृथ्वीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. वर न्यायच्या प्रत्येक गोष्टीचं वजन मोजलं जातं, त्यामुळे तिथे कुणी पलंग, पातेली, खुर्च्या नेल्याच नाहीत. नेलं ते एकच द्रव्य, बहुरूपी. राखाडी, रव्याहून बारीक कण. दाटीवाटीने बसले की जड आणि टणक, मध्ये पोकळ्या ठेवून पसरले की हलके. त्याच कणांची सकाळी कढई व्हायची आणि दुपारी उशी. पूर्वी गावोगावी सोंगं घेऊन फिरणाऱ्या बहुरूप्यांवरून विभावरीनेच ते नाव ठेवलं होतं, आणि नाव ठेवण्याचा हक्क तिचाच होता, कारण द्रव्यही तिचंच होतं.

पहिली माणसं वर आली तेव्हा त्यांच्या हातांबरोबर त्यांची गावंही आली. जळगावच्या चौधरींकडे पोळपाट सागाचा लागायचा. साताऱ्याच्या शिंदेवहिनींकडे पाणी प्यायलात तर तांब्याची चव जिभेवर यायची. एखाद्याच्या घरी नुसतं खुर्चीत बसलं तरी माणूस कुठला ते कळायचं. आता इतक्या वर्षांनी त्या दिवसांबद्दल बोलताना धनिष्ठेवरच्या म्हाताऱ्यांचे डोळे भरून येतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपलं सगळं मागे टाकून आलेल्या माणसांना आपलं सगळं हातातच सापडलं होतं.

पण मग तिथे मुलं जन्मली.

*

सुरक्षा मंडळाचे सदानंद लोखंडे खाली पृथ्वीवर बसायचे. आडनावाप्रमाणेच माणूस होता, न वाकणारा, पण गंजलेला नव्हता. त्यांनी दूरदर्शकावर विभावरीला गाठलं.

"टिळेकर, थोडक्यात सांगा. द्रव्य बिघडलंय का?"

"द्रव्य ठणठणीत आहे. हात रिकामे आहेत."

"म्हणजे?"

"भरलेली घागर उचलायची असली की हात लागायच्या आधीच दंड ताठ होतो. अंडं उचलायचं असलं की बोटं आधीच सैल पडतात. हाताची ही आधीची तयारी, तिला आम्ही पूर्वपकड म्हणतो. बहुरूपी स्पर्शाच्या पहिल्या क्षणात ती वाचतो. हात ज्या पदार्थाला तयार आहे, तो पदार्थ होतो. अब्जावधी कणांना बाहेरून हुकूम देणं कुठल्याच यंत्राला जमत नव्हतं, म्हणून मी ते काम हाताकडे सोपवलं."

"आणि मुलांचे हात?"

"तुमच्या-माझ्या हातांनी लहानपणी दगड उचललेत, काच फोडलीय, चटके खाल्लेत. ही सात मुलं इथेच जन्मली. बहुरूपी सोडून त्यांनी दुसऱ्या कुठल्या वस्तूला हातच लावलेला नाही. त्यांचा हात कशालाच तयार नसतो. 'काहीही चालेल' असं तो सांगतो आणि द्रव्य काहीही होतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"मग मोठ्यांनी वस्तू करून मुलांच्या हातात द्यावी."

"देऊन झाली. आपण सोडली तरी ती तासभर तशीच राहते. पण दुसरा हात लागला की द्रव्य त्या नव्या हाताचं ऐकतं. मुलाने धरलं की झालं पीठ."

लोखंड्यांनी विचारलं, "परवा हवाबंद दाराची मूठ विरघळली. ती कुणाच्या हातात?"

"माझ्या मुलीच्या," विभावरी म्हणाली.

दार सुदैवाने आतलं होतं. बाहेरचं असतं तर हे संभाषणच झालं नसतं, हे दोघांनाही माहीत होतं. लोखंड्यांनी आठ महिने दिले. आठ महिन्यांनी ते स्वतः वर येणार आणि सातही मुलांची परीक्षा घेणार. मुलांच्या हातात पदार्थ टिकले नाहीत, तर त्याच यानातून मुलं खालच्या वसतिगृहात जाणार, शिकून होईपर्यंत. म्हणजे पाच-सात वर्षं. आईबापांचे करार संपलेले नसल्यामुळे आईबाप वरच.

"मी काही दुष्ट माणूस नाही," लोखंडे म्हणाले. "पण दोनशे माणसं एका दाराच्या भरवशावर झोपतात."

"मान्य आहे. फक्त वजन कसं तपासणार? इथे सगळंच हलकं लागतं."

"पाण्यात टाकून. बुडणं-तरंगणं घनतेवर ठरतं. ओढ कमी झाली तर दगड हलका होतो, पण पाणीही त्याच प्रमाणात हलकं होतं. बुडणारं बुडतंच. जरा सावकाश, इतकंच."

"बरोबर आहे," विभावरी म्हणाली. "मग मला खालून एक माणूस पाठवा. वेंगुर्ल्याला बालवाडीच्या बाई आहेत, परुळेकर बाई. आणि त्यांची ओळखपेटी."

*

ओळखपेटी म्हणजे पत्र्याची एक जुनी पेटी. विभावरी चार वर्षांची असताना ती पेटी बालवाडीच्या खिडकीत असायची. बाई रोज तिच्यातली एक वस्तू काढून मुलांच्या तळहातावर ठेवायच्या. हुंगा, गालाला लावा, वाजवून बघा, पाण्यात टाका. त्यात समुद्रावरून आणलेला एक काळा गोटा होता, मुठीत मावेल एवढा. विभावरीला तो तरंगायला हवा होता. का, ते आता तिलाही सांगता येणार नाही. सगळी मुलं घरी गेली तरी ती घमेल्यापाशी बसून गोटा पाण्यात सोडत होती आणि तो प्रत्येक वेळी तळाला जात होता. शेवटी रडून रडून तिने तो पायरीवर आपटला आणि त्याचा टवका उडाला.

बाई रागावल्या नाहीत. तिच्या शेजारी बसून म्हणाल्या, "हट्टी आहे गो तो. तुझ्यासारखाच. तू ऐकतेस का कुणाचं?"

ती एवढीशी आठवण विभावरीने कधी कुणाला सांगितली नव्हती. एवढी मोठी शास्त्रज्ञ, आणि सांगायचं काय, तर मी गोट्यावर रागावले होते.

परुळेकर बाई आता चौसष्ट वर्षांच्या होत्या. गुडघे कुरकुरत होते, पण बोलावणं येताच त्यांनी पेटी पुसली. यानतळावर मात्र वजनाच्या काट्याने घोळ घातला. पेटी वजनात बसेना म्हणून आधी पेटीच मागे राहिली आणि वस्तू कापडी पिशवीत आल्या. तरी काटा वरच. काट्यावरचा तरुण फार नम्र होता.

"आजी, एक वस्तू कमी करावी लागेल. सगळ्यात जड हा गोटाच आहे."

बाईंनी गोटा हातात धरून ठेवला. पस्तीस-चाळीस वर्षांची सोबत होती. शेवटी त्यांनी तो त्याच्या टेबलावर ठेवला. "कागदांवर ठेव. उडणार नाहीत," त्या म्हणाल्या, आणि पुढे जाताना दोनदा मागे वळून बघितलं.

दगडाची जागा रिकामी राहिली, ते त्यांना बरं वाटेना. त्यांच्या आंघोळीच्या सामानात आईची वजरी होती, टाचा घासायची. करडी, खरखरीत, भोकाभोकांची, वजनाला नावापुरती. बाईंनी तीच पिशवीत टाकली. दगड तो दगड, मुलांना काय कळतंय.

शिकवणाऱ्या माणसाने हे वाक्य मनातसुद्धा आणू नये, पण बाईही माणूसच होत्या.

*

पहिल्या दिवशी बाईंनी सात मुलांना गोल बसवलं आणि पिशवी उघडली. लाकडी भोवरा, तांब्याची पळी, काचेची गोटी, कापूस, करवंटी, मेणाचा तुकडा आणि वजरी.

"डोळे मिटा. हात पसरा. बोटं मिटायची नाहीत. मी हातावर एक वस्तू ठेवीन. पाच म्हणेपर्यंत तिला बोलू द्यायचं. आधी विचारायचं, मग धरायचं."

पर्णीच्या वाट्याला गोटी आली. पाच म्हणून झाल्यावर तिने सवयीने ती दाबली. गोटी चपटी झाली नाही. तिने दोन्ही हातांनी दाबली, दातांखाली धरली, जमिनीवर ठेवून तिच्यावर बसली. मग तिने भोकाड पसरलं.

"बाई, हे ऐकत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या वस्तूने तिचं ऐकलं नव्हतं. दारात उभ्या असलेल्या विभावरीला लेकीला उचलून घ्यावंसं वाटलं, पण बाईंनी नजरेनेच तिला थांबवलं.

"ऐकत नाही ना?" बाई म्हणाल्या. "मग ते खरं आहे. खऱ्या वस्तूला आपला हट्ट असतो. आता तू मला सांग, हिचा हट्ट काय?"

पर्णीने नाक ओढलं. "गोल राहायचा."

"अजून?"

"गुळगुळीत राहायचा."

"शाबास. आणि फार छळलं तर हिचा फुटायचा हट्ट. तो मात्र बघायचा नाही, एकच गोटी आहे."

मुलांना हट्ट म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं नाही. महिन्याभरात त्यांना सगळ्यांचे हट्ट पाठ झाले. कापूस दाबला तरी फुगायचा. तांबं हातात धरलं की लगेच हाताइतकं गरम व्हायचं आणि सोडलं की लगेच गार. मेण कोमट हातात नरम यायचं, पण आपल्या वेळेनं, आपण म्हणू तेव्हा नाही. लाकडाला एका दिशेने नख लावलं तर ओरखडा उठायचा आणि दुसऱ्या दिशेने नाही. वजरी नखाला दाद द्यायची नाही, उलट नखच घासून काढायची.

एक गोष्ट बाईंना करता आली नाही. धनिष्ठेवर पाणी मापून मिळायचं आणि मुलांना त्यात वस्तू टाकून खेळायला सक्त बंदी होती. "पाण्याशिवाय बालवाडी म्हणजे मिठाशिवाय आमटी," बाई रोज कुरकुरायच्या. शेवटी त्यांनी ते तोंडी घेतलं. मुलं गोल फिरत सुरात म्हणायची, लाकूड तरंगतं, मेण तरंगतं, गोटी बुडते, पळी बुडते, दगड बुडतो, दगड बुडतो. शेवटचा शब्द म्हणताना सगळी मुलं खाली बसायची.

चौथ्या महिन्यात पर्णीने घरी चमचा धरला आणि तो ताठ राहिला. तिने त्याने शिरा खाल्ला, वाटी खरवडली, वर वाटी वाजवून दाखवली. विभावरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तोंड फिरवून रडली. त्या दिवशी पर्णीने दगडाचा खलबत्ता पण केला होता. विभावरीने उचलला तेव्हा तो तिला आकाराच्या मानाने फार हलका वाटला. धरल्याबरोबर तो तिच्या हातात आक्रसून घट्ट झाला, आणि ती ते विसरली. आनंदात माणसाला बारीकसारीक दिसत नाही.

*

लोखंडे ठरलेल्या दिवशी आले. प्रत्यक्षात ते दूरदर्शकावर दिसायचे त्यापेक्षा ठेंगणे निघाले. त्यांच्यासाठी वसाहतीने एक पिंपभर पाणी मंजूर केलं आणि ते एका मोठ्या पारदर्शक टाकीत ओतलं. मुलांचे आईबाप भिंतीला पाठ लावून उभे होते. सात मुलांची नावं लिहिलेला कागद लोखंड्यांच्या खिशात होता आणि तो सगळ्यांना कापडातून दिसत होता.

प्रत्येक मुलाला राखाडी बहुरूप्याचा एकसारखा गोळा मिळाला.

"लाकूड करा," लोखंडे म्हणाले.

सात लाकडं झाली. टाकीत तरंगली. तांबं झालं, बुडालं. काच झाली, सावकाश तळाला गेली. करवंटी होडीसारखी डुलली. द्रव्याने आपल्या हाताचं ऐकू नये म्हणून लोखंडे खालून आणलेल्या चिमट्याने प्रत्येक वस्तू उचलून, ठोकून, ओरखडून, कानाशी धरून बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरची एकेक घडी उलगडत होती. चौधरींच्या बायकोने तर पदराने डोळे टिपायला सुरुवातही केली.

"आता शेवटचं. दगड करा. दगड पाण्यात काय करतो?"

"दगड बुडतो," सगळी मुलं सुरात म्हणाली आणि सवयीने खाली बसली.

पर्णीने गोळ्यावर हात ठेवला. गोळा फुगला, करडा झाला, खरखरीत झाला. लोखंड्यांनी चिमट्याने टकटक केलं. टणक होता. त्यांनी मान डोलावून तो पाण्यात सोडला.

दगड तरंगला.

त्यांनी तो चिमट्याने खाली दाबला. दगड पुन्हा वर आला. मग त्यांनी दुसऱ्या मुलाचा दगड टाकला, तिसऱ्याचा टाकला. थोड्या वेळाने टाकीत सात दगड बदकांसारखे डुलत होते.

"इथे ओढ कमी आहे, म्हणून असेल," चौधरी चाचरत म्हणाले.

"ओढीचा संबंध नाही," लोखंडे म्हणाले. त्यांचा आवाज कडक नव्हता, थकलेला होता. "मुलांनी दगड पाठ केलाय, हाताला कळलेला नाही. मला वाईट वाटतं. फार जवळ आला होतात तुम्ही."

विभावरीने बाजूला उरलेला एक गोळा उचलला आणि पाण्यात टाकला. तिच्या हातातून सुटेपर्यंत तो काळाभोर, मुठीएवढा गोटा झाला होता. तो सरळ तळाला गेला. "असा असतो दगड, बाई," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती बाईंशी त्या स्वरात बोलली, आणि बोलताच तिला स्वतःची लाज वाटली. पण लेक चालली होती. पाच-सात वर्षांनी परत येईल तेव्हा ती बारा वर्षांची असेल आणि शेजारच्या काकूंकडे बघावं तशी आईकडे बघून लांबून हसेल.

बाई टाकीकडे बघत होत्या. डुलणाऱ्या त्या करड्या दगडांकडे बघता बघता त्यांना न्हाणीघर आठवलं. चुलीवरचं पाणी, घंगाळ, आणि घंगाळात डुलणारी एक करडी होडी. आई तिला बोटाने बुडवायची, ती टुणकन वर यायची, आणि सहा वर्षांच्या बाई खदाखदा हसायच्या. जवळजवळ साठ वर्षं झाली होती त्याला.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "लोखंडेसाहेब, थांबा. माझी पिशवी द्या कुणीतरी."

त्यांनी पिशवीतून वजरी काढली. खरी, आईची, पृथ्वीवरून आणलेली. दोन बोटांनी पाण्यावर ठेवली. ती मुलांच्या सात दगडांमध्ये जाऊन तशीच डुलू लागली. हातच्या कांकणाला आरसा कशाला. तरंगणारे आठ दगड होते आणि त्यातला खरा कुठला ते लांबून सांगता येत नव्हतं.

"मुलं चुकली नाहीत," बाई म्हणाल्या. "मी चुकले. काट्यावर गोटा काढून ठेवला आणि ही आत टाकली. म्हटलं, दगड तो दगड. ही ज्वालामुखीची, आतून पोकळ. तोंडाने मी त्यांना 'दगड बुडतो' शिकवलं आणि हातात तरंगणारा दगड दिला. तोंडाने ते माझं म्हणाले, हातांनी मात्र खरं सांगितलं."

"बाई, म्हणजे तुम्ही खोटं शिकवलंत?" पर्णीने विचारलं.

"हो गो. खोटं शिकवलं. चुकलं माझं."

लोखंड्यांनी वजरी पाण्यातून काढली, पालथी करून बघितली, वास घेतला. मग खुर्चीत बसले.

"हात अचूक शिकलेत, हे मला मान्य," ते म्हणाले. "पण टिळेकर, यामुळे माझी अडचण वाढली. हात फक्त तेच जाणतात जे पिशवीत होतं. पिशवीत सात वस्तू होत्या. वसाहतीत शेकडो आहेत. दाराची मूठ पोलादाची व्हावी लागते, पोलाद पिशवीत कुठे होतं? दर वस्तूचा खरा नमुना खालून आणायचा तर तेवढं वजन कोण देणार? आठवी वस्तू समोर आली की मुलांच्या हातात तिचं पुन्हा पीठ होणार."

विभावरीचीच मांडणी तो माणूस तिला परत सांगत होता.

लोखंड्यांनी तळाशी पडलेल्या गोट्याकडे बोट दाखवलं. "तो काढा. अजून तासभर झालेला नाही, तसाच असेल. मुलीच्या हातात द्या. असा दगड तिने कधी धरलेला नाही. काय होतं ते एकदा बघू, म्हणजे तुमच्याही मनात राहायला नको."

विभावरीने बाही वर करून पाण्यात हात घातला. काय होणार ते तिला माहीत होतं. एकतर पीठ, नाहीतर वजरी. ती पर्णीसमोर गुडघ्यांवर बसली आणि गोटा पुढे केला.

पर्णीने डोळे मिटले. हात पसरला. बोटं मिटली नाहीत.

"एक," ती म्हणाली.

गोटा तिच्या तळहातावर आला. विभावरीने हात काढून घेतला.

"दोन. तीन."

काहीच झालं नाही. गोटा काळा होता आणि काळाच राहिला. लोखंडे खुर्चीतून पुढे वाकले.

"चार. पाच." तिने हळूहळू बोटं मिटली. "बाई, हा पण ऐकत नाही."

ज्या स्त्रीने हे द्रव्य घडवलं तिला ते समजायला आणखी क्षणभर लागला. बहुरूपी हाताचं ऐकतो, यात बदल झालाच नव्हता. रिकामा हात म्हणायचा, काहीही हो. मोठ्यांचा हात म्हणायचा, हे हो. आणि हा पसरलेला, पाच म्हणेपर्यंत थांबणारा हात म्हणत होता, तू जो आहेस तो राहा. द्रव्याने तेही ऐकलं होतं. आता कुठल्याही मोठ्या माणसाने कुठलीही वस्तू करून या मुलांपुढे धरली असती तर ती टिकली असती, आणि मुलांनी ती शिकून घेतली असती. सागाचा पोळपाट, तांब्याची चव, पोलादाची मूठ, सगळं.

"म्हणजे नमुने आधीच वर आलेत," लोखंडे सावकाश म्हणाले. "तुमच्या सगळ्यांच्या हातात."

त्यांनी खिशातला कागद काढला, उलगडला, परत घडी केली आणि शेजारच्या ओल्या बाकावर ठेवून दिला. "परतीच्या यानात सात जागा रिकाम्या जातील," ते म्हणाले. "आज दुपारपासून दाराच्या मुठीपासून सुरुवात करा. मी बघायला थांबतो."

शिंदेवहिनी मोठ्याने रडल्या. त्यांची दोन मुलं त्यांच्याकडे आश्चर्याने बघत राहिली.

पर्णीचे डोळे अजून मिटलेलेच होते. तिचा अंगठा गोट्यावरून फिरत होता आणि एका जागी थांबला.

"बाई, इथे याला लागलंय."

बाई वाकल्या. बहुरूप्याचा गोटा होता तो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. खरा खाली कागदांवर बसला होता. तरी त्यांनी तो टवका ओळखला. बोटाने चाचपला, मग विभावरीकडे बघितलं. विभावरी त्यांच्याकडे बघायचं टाळत होती.

"कुणी केलं?" पर्णीने विचारलं.

"मी," विभावरी म्हणाली. "पायरीवर आपटला होता. तुझ्याएवढी होते."

"का?"

"तरंगत नव्हता म्हणून."

पर्णीने डोळे उघडले. टाकीत डुलणाऱ्या दगडांकडे बघितलं, हातातल्या गोट्याकडे बघितलं, आणि आईला काहीच कसं कळत नव्हतं याचं तिला हसू आलं.

"याचा हट्ट बुडायचा आहे, आई," ती म्हणाली. "हातावर ठेवल्या ठेवल्या कळतंय." मग तिने टाचा उंचावून तो पाण्यावर धरला आणि सोडला. तो खाली जाताना सगळे बघत राहिले. तळाला टेकल्यावर बाईंनी पदर खोचला आणि मुलांना रांगेत उभं केलं, कारण बाकीच्या सहा जणांनाही तो टाकायचा होता.